आजीची अट

संत्र्याच्या सालीचा वास आला की मला सौंसरचा तो दवाखाना आठवतो. आमच्या राज्याची राजधानी नुकतीच नागपूरहून भोपाळला गेली होती, आणि तिकडून आलेले परीक्षक नवे राज्य आपणच स्थापन केल्यासारखे वॉर्डात चालत होते. आम्हा शिकाऊ नर्सची म्हाताऱ्या रुग्णांच्या शुश्रूषेची परीक्षा होती. माझ्या वाट्याला बोरगावची एक आजी आली. दोन दिवसांपासून तिने अन्नाला तोंड लावले नव्हते. तिला जेवू घातले तरच मी पास होणार होते. मी नियमाप्रमाणे पेजेचा चमचा पुढे केला, तर तिने विचारले, "तू जेवली काय वो माय?" मी नाही म्हणाले. "मंग? पोरगी उपाशी अन् मी खाऊन राहिली, असं आमच्यात नाही होत." वॉर्डात नर्सने खाणे म्हणजे थेट नापास. तरी मी तिच्या उशाशी ठेवलेले संत्रे सोलून एक फोड खाल्ली. शेजारी उभ्या परीक्षक साहेबांनी पेन उघडले. आजीने उरलेले संत्रे त्यांच्यापुढे धरले. "साहेब, तुमी बी उपाशीच दिसून राहिले. घ्या, बापू." साहेबांनी इकडेतिकडे पाहिले, फोड तोंडात टाकली आणि पेनाला टोपण लावले. मग आजीने वाटीभर पेज संपवली. मी पास झाले. पुढे मी शिकवू लागले आणि बरीच वर्षे शिकाऊ मुलींकडून सगळे नियम पाठ करून घेतले; म्हाताऱ्यांच्या वॉर्डात मात्र त्यांना मुद्दाम उपाशी पाठवत असे.