उडवूनही न उडणारा दगड

भांडगावच्या एका बांधावरून मी मातीनं माखलेला दगड न विचारता उचलून आणला.

आमच्या खनिज निवडायच्या शेडमधलं नवं यंत्र क्ष-किरणांनी धातूचे दगड ओळखून ठेवतं, बाकीचे हवेनं उडवतं. दुसऱ्या दिवशी पाहणी होती. चुकलं तर यंत्र परत जाणार. म्हणून हा साधा दगड घालून बघितला.

तो उडेना. आडवा घातला, उलटा घातला, तरी यंत्राचा पडदा म्हणे, शिसं. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं, तरी कुणीतरी बघतंय असं वाटून मानेवर काटा आला. मग तो धुतला, तर मातीखालून शेंदूर निघाला. शिसं शेंदरातलंच होतं!

तेवढ्यात त्या बांधाच्या शेताची मालकीण माग काढत दारात आली.

"आमचा म्हसोबा हाय त्यो! देव वळखू यीना, आन् म्हणं दगडातलं धातू शोधत्यात!"