लिफ्ट म्हणजे काय

सुक्या बोंबलांचा वास आला की मला विरारच्या आमच्या इमारतीतली बंद पडलेली लिफ्ट आठवते. मला सातवा महिना होता. अर्नाळ्याहून सुकी मासळी विकायला येणारी म्हातारी कोळीण टोपली घेऊन माझ्यासोबत आत शिरली, आणि दोन मजल्यांच्या मध्येच वीज गेली. अंधार, पंखा बंद, त्यात तो वास. मला श्वास पुरेना, मी दारावर थापा मारू लागले. "बस खाली, बाय," ती म्हणाली. "तू शालेत इंग्रजी शिकवतेस ना? मंग सांग, ह्याला लिफ्ट कनाला म्हनतान?" मी धापा टाकत सांगितलं, लिफ्ट म्हणजे उचलणं. "न् रस्त्याव हात दाखवून गारीवर बसतान, ती?" तीही लिफ्टच. "मंग पयला अर्थ कनचा?" कॉलेजात शिकलेलं आठवलं: फार जुन्या इंग्रजीत असाच एक शब्द होता, त्याचा अर्थ हवा, आभाळ. 'हवा' म्हणताना मला रडूच कोसळलं. ती पदराने वारा घालत पुन्हा पुन्हा काहीबाही विचारत राहिली. अखेर वॉचमनने दार उघडलं, तर लिफ्ट मजल्याच्या अर्धी खाली अडकलेली. "आधी हिला उचला!" ती ओरडली. मागाहून तीही वर आली आणि जिन्यातच बसली. "मना पन लय भ्याव वाटला," ती म्हणाली, "म्हनून तर तुला बोलती ठेवली." आता माझी मुलगी लिफ्टचं बटण दाबायला धावते. मी तिचा हात धरून आत जाते आणि दार मिटताच काहीतरी बोलायला लागते.