उसाभोवतीच्या साड्या

परवा सेलूच्या रस्त्यावर उसाच्या वावराभोवती जुन्या साड्यांचं कुंपण दिसलं, आणि एसटीच्या खिडकीतून मी वळून वळून पाहत राहिले.

मी लहान असताना एका वर्षी आमच्या उसाला कारखान्याची तोड येत नव्हती. उभ्या उसात रानडुकरं शिरत. हलत्या कापडाला ती बुजतात, म्हणून आईनं साड्या काढून दिल्या. धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, एक कोपरा उघडा उरला, तेव्हा पहिल्या उसाच्या पैशातून बाबांनी आणलेली हिरवी साडीही तिनं पुढे केली.

"हे साडी नाई बांधत मी," बाबा म्हणाले.

"काऊन? ऊस जाईन ना!"

"जाऊ दे."

सकाळी डुकरं तिथूनच शिरलेली. मोडलेल्या उसाचा गोड, आंबूस वास सुटला होता. आईनं बाबांना चांगलंच फैलावर घेतलं. तेव्हा मला फक्त भांडण ऐकू आलं. भांडताना तिनं तीच हिरवी साडी नेसली होती, हे परवा खिडकीशी आठवलं.