आमच्या आभाळातले आरोपी

घरात कॅरीबॅगा कशा साठतात, आठवून बघा. कोणी मुद्दाम आणत नाही, पण दाराआड टांगलेल्या एका पिशवीत पन्नास पिशव्या निघतात! माझ्याकडे ड्रोनचे किस्से तसे साठलेत. मी अंधेरीच्या कोर्टात फौजदारी वकिली करते. मारामाऱ्या, चेक बाउन्स, पार्किंगवरून फोडलेल्या काचा, हे माझं रोजचं. मध्येच एकदा एक ड्रोनची केस घेतली आणि माणूस सुटला. झालं! तेव्हापासून बोरिवली ते चेंबूर कोणाचाही ड्रोन पकडला की पोलीस स्टेशनातलेच सांगतात, "त्या ड्रोनवाल्या मॅडमकडे जा."

आणि पकडले जातातच. विमानतळ आमच्या उशाशी, त्यात पोलिसांचा मनाई हुकूम. परवानगीशिवाय उडवलात की कलम दोनशे तेवीस, म्हणजे सरकारी हुकूम मोडल्याचा गुन्हा. आणि लोकांचं एकच म्हणणं, "खेळणं तर आहे ना, मॅडम!"

*

ती पहिली केस वरातीची. पार्ल्यात लग्न, नवरदेव घोड्यावर, बँड जोरात आणि व्हिडिओ काढणाऱ्या मितेशने ड्रोन वर सोडलेला. वरून विमानं उतरतायत, खाली हा! कोणीतरी फोन केला आणि सब-इन्स्पेक्टर घाडगे दोन शिपाई घेऊन हजर झाले.

नवऱ्याच्या वडिलांना वाटलं, बँडच्या आवाजाची तक्रार गेली. ते दोन्ही हात वर करून ओरडले, "ए, बंद करा रे! साहेब आलेत!"

बँड थांबला. ढोल थांबला. नाचणाऱ्या मावश्या थांबल्या. घाडगे मान वर करून बघत होते, पण झाडं आणि रोषणाईत त्यांना काहीच दिसत नव्हतं. आणि त्या शांततेत सगळ्यांच्या डोक्यावरून आवाज आला, घूंऽऽऽ!

घाडगे मला नंतर म्हणाले, "मॅडम, बँड वाजत राहिला असता ना, तर मी सरबत पिऊन परत गेलो असतो!"

*

मितेशने घाबरून ड्रोन घाईघाईत उतरवला, तो उलटा पडला. त्याचा पंचनामा माझी ज्युनिअर श्रद्धा मला वाचून दाखवत होती. ड्रोनबद्दल काय लिहायचं हे तेव्हा हवालदारालाही माहीत नसावं. त्याने आपलं नेहमीच्या सवयीने लिहिलं होतं, "सदर ड्रोन हा रस्त्यावर उताणा व निपचित पडलेल्या अवस्थेत मिळून आला. अंगावर जखमा नाहीत."

श्रद्धाने गंभीरपणे विचारलं, "मॅडम, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट मागवू का?"

*

चेंबूरचे कुलकर्णी बँकेत मॅनेजर. वाढदिवसाला बायकोने ड्रोन दिला आणि पहिल्याच रविवारी तो वाऱ्याबरोबर थेट ट्रॉम्बेच्या दिशेने गेला. मला फोन. "मॅडम, छोटासा प्रॉब्लेम आहे. ड्रोन अणुकेंद्राच्या भिंतीच्या आत पडलेला दिसतोय. जाऊन मागून आणू का?"

"कुलकर्णी, शेजारच्या काकूंच्या गॅलरीत बॉल गेलाय का? गप्प घरी बसा, मी येतेय!"

आम्ही आपणहून पोलीस स्टेशनला गेलो आणि सगळं खरं सांगितलं. कुलकर्णी घामाने चिंब. समोरचा अधिकारी कडक होता. त्याने पेन सरसावून विचारलं, "एवढ्या नाजूक ठिकाणाजवळ ड्रोन उडवण्यामागे तुमचा हेतू काय?"

कुलकर्णी म्हणाले, "बायको म्हणाली, घरात उडवायचा नाही."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "माझीपण हेच म्हणते," तो म्हणाला.

*

मुलुंडचा नितीन माझा मावसभाऊ. फ्लॅट विकून देतो. एका बिल्डिंगमधून डोंगर कसा झकास दिसतो हे गिऱ्हाइकाला दाखवायला त्याने ड्रोनने व्हिडिओ काढला. परवानगी? "अगं ताई, दोन मिनिटांचं काम!"

शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी चवताळले. आमच्या खाजगीपणावर घाला घातला म्हणे! कमिटीतले तिघं साक्षीदार म्हणून घेऊन पोलीस स्टेशनला आले. नितीनचा चेहरा उतरलेला. मलाही त्याची बाजू लंगडीच वाटत होती.

इन्स्पेक्टर म्हणाले, "व्हिडिओ लावा. काय घाला घातलाय बघू."

लावला. डोंगर आला, झाडं आली, मग सेक्रेटरींच्या बिल्डिंगची गच्ची आली. ही गच्ची वॉटरप्रूफिंगच्या नावाखाली वर्षभर सगळ्यांना बंद होती. किल्ली सेक्रेटरींकडे. आणि त्या बंद गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पापड! मध्ये खुर्ची टाकून बनियनवर सेक्रेटरी बसलेत, हातात कावळे हाकलायची काठी!

मग साक्षीदारांपैकी एक काकू हळूच म्हणाल्या, "माझ्या कुरडया मी बेडरूममध्ये पंख्याखाली वाळवल्या हो!"

तक्रार तिथल्या तिथे मागे घेतली गेली. इन्स्पेक्टरांनी नितीनला मात्र सोडलं नाही, हुकूम मोडल्याची केस झालीच. पण त्या सोसायटीत आजही त्याला चहा मिळतो.

*

सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नसतं. घाटकोपरची स्नेहल नोकरीवरून येऊन कपडे बदलत होती, तर आठव्या मजल्याच्या खिडकीबाहेर ड्रोन! एकदा नाही, आठवडाभर. चोरून बघण्याचा हा गुन्हा वेगळा आणि चांगलाच मोठा. पण उडवणारा कोण हेच कळेना. पोरगी रडकुंडीला आली, घरचे म्हणाले पडदे लाव. तिने पडदे लावले नाहीत. ओली चादर घेऊन खिडकीच्या बाजूला लपून उभी राहिली. ड्रोन आला, तिने झपकन चादर टाकली आणि आत ओढला!

थोड्या वेळाने बेल वाजली. दारात समोरच्या विंगमधला एक टापटीप माणूस. "दीदी, मेरा ड्रोन शायद आपके यहाँ आ गया."

स्नेहल म्हणाली, "आपका है? पक्का?"

"हाँ हाँ, मेरा ही है. बिल भी है."

"बैठिए ना," ती म्हणाली. त्याला पाणी दिलं, आईला समोर बसवलं आणि आत जाऊन पोलिसांना फोन केला. मला सांगत होती, "मॅडम, ओळख परेडपण त्यानेच करून दिली!"

*

जोगेश्वरीचे पेडणेकरकाका रिटायर्ड हेडक्लार्क, मूळचे कुडाळचे. भंगार बाजारातून मेलेला ड्रोन आणून महिनोन्‌महिने दुरुस्त करत बसलेले. शेजाऱ्याने तक्रार केली आणि पार्ल्याहून बदलून तिथे आलेल्या घाडग्यांनी काकांना गच्चीत पकडलं, एका हातात ड्रोन, दुसऱ्या हातात रिमोट.

मी म्हटलं, "काका, कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा."

"जो उडूकच नाय, तो उडवलंय असा कसा सांगू गो बाय?" काका म्हणाले. आणि गुन्हा नावावर लागून चालणारही नव्हतं. मुलगी जर्मनीत, दिवस भरत आलेले, काकांना व्हिसासाठी पोलिसांचा स्वच्छ दाखला हवा होता.

तेव्हा कोर्टात मी एकच मुद्दा लावून धरला. साहेब, हा ड्रोन उडतच नाही!

मॅजिस्ट्रेट विदर्भातले, शांत माणूस. म्हणाले, "मग चालवून बघू."

घाडगे दचकले. "साहेब, बाहेर नको. हा विमानतळाचा पट्टा. उडाला तर उडवणाऱ्यावर केस होईल!" मागे उभे असलेले शिपाई दोन पावलं मागे सरकले.

"तर मग इथेच. दारं-खिडक्या लावा, पंखे बंद करा. आरोपीच्याच हातात रिमोट द्या."

बॅटरी पोलिसांनी चार्ज करून आणलेली. ड्रोन आरोपीच्या पिंजऱ्याला लागून असलेल्या टेबलावर ठेवला. काकांनी चष्मा पुसला, बटण दाबलं. घर्र झालं आणि बंद पडलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. काकांनी सवयीने ड्रोनला एक टपली मारून परत दाबलं.

ड्रोन डुलला, सरळ झाला आणि उचलला गेला! टेबलावरचे कागद उडाले. वर वर जात तो मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या नाकासमोर जाऊन थांबला. श्रद्धा माझ्या कानात म्हणाली, "मॅडम, वाट लागली."

आणि काका? त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. "उडालो! अगो बाय, उडालो! उडालो मां!"

घाडगे ताडकन उभे राहिले. "साहेब, लिहून घ्या! आरोपी स्वतःच्या तोंडाने म्हणतोय, उडालो!"

"अहो, मालवणीत 'उडालो' म्हणजे 'तो उडाला'!" मी ओरडले.

साहेबांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते काकांकडे बघत होते. काका पिंजऱ्यातून बाहेर येऊन कोर्टाच्या पट्टेवाल्याचा हात धरून त्याला वर दाखवत होते, "बघलंस? बघलंस मां?"

साहेबांनी चष्मा काढला आणि ते म्हणाले, "घाडगे, या माणसाने हा ड्रोन याआधी कधी उडवलाय, असं अजून म्हणायचंय तुम्हाला?"