गुरुवारचा विद्यार्थी

अंगठा ओठांशी नेला की चहा. मनगटावर मनगट आडवं ठेवलं की मशीन बंद. मी क्लार्क आहे त्या समाजशास्त्र विभागाच्या ऑफिसात शिरताना तो आधी असं हातांनी बोलायचा, मग तोंडानं म्हणायचा, "होतंय बगा ताई, काळजी न्हाई."

खरं तर काळजी त्यानंच करायला हवी होती. तो लातूरकडचा, चाकणच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कंत्राटी कामगार, आणि आमच्याकडे एम.ए.ला. एका पेपरऐवजी मार्गदर्शकाच्या हाताखाली स्वतंत्र अभ्यास करायची सोय आहे, ती त्याला हवी होती. विषयही घरचाच. प्रेसच्या धडधडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून कामगारांनी हातांचीच बोली केलेली. कॉलर ओढली की साहेब आला! मी हसून लोटपोट व्हायचे आणि शेजारच्या टेबलावरचे डोळे वटारायचे.

अडलं होतं मार्गदर्शकावाचून. शिकवणाऱ्या मॅडम आनंदानं तयार होत्या, पण त्या तासिका तत्त्वावर, त्यांची सही चालत नाही. कायम नेमणुकीचे एकटे विभागप्रमुख. कारखान्याला सुट्टी गुरुवारी, आणि गुरुवारी सर हमखास कुठल्या तरी मीटिंगला. हा दापोडीच्या खोलीवरून दोन बस बदलून यायचा, बाकावर बसायचा, माझ्याशी चहा प्यायचा आणि जायचा. मला सरांचा राग यायचा, अजूनही येतो.

एकदा खाडा करून सोमवारी आला. सर भेटले.

"विषय बरा आहे हो, पण यावर संदर्भग्रंथ कुठले?"

"न्हाईत सर. म्हणून तर करायलोय."

"मग बघू."

त्या 'बघू'त दीड वर्ष गेलं. बाकीचे सगळे पेपर त्याचे सुटले. पदवी या एकाच अभ्यासापायी लटकली, आणि मुदतीचं हे शेवटचं वर्ष.

शेवटी मॅडमनी पिच्छा पुरवला आणि सरांनी सही केली. मी लगेच फोन लावला. गुरुवारी तो आला, पण दारात हात हललेच नाहीत.

"सही झाली की रे!" मी म्हटलं.

"ताई, आमच्या लाईनीवर रोबोट बसवलेत. आमाला सगळ्यांना काढलं. पोरं आपापल्या गावाकडं गेली." तो बाकावर टेकला. "आता अभ्यास कुणाचा करू? रोबोट काय चहा मागतोय व्हय?"

मी हसले नाही. तोही हसला नाही.

निघाला तेव्हा तास सुटलेला, व्हरांड्यात पोरांचा हा गोंगाट. माझी हाक पोचेना, म्हणून मी अंगठा ओठांशी नेला. जिन्यापाशी तो वळला. त्यानं पाहिलं. मनगटावर मनगट ठेवलं आणि खाली उतरला. पुन्हा काही आला नाही. फोनही लागत नाही.

सवय मात्र मला लागली ती लागलीच. परवा ऑफिसात गर्दी होती, मी लांबूनच शिपायाला अंगठा ओठांशी नेऊन दाखवला. तो गर्दीतून वाट काढत जवळ आला.

"काय झालं मॅडम? तोंडानं सांगा की."