दोन घरांचे मोदक

दाढ दुखत होती म्हणून दांडिया बाजारात दातांच्या डॉक्टरांकडे निघालो आणि पाटी न वाचता शेजारच्या मनाच्या डॉक्टरांकडे जाऊन बसलो. बाजूच्या तरुण बाईंना दाढेची कहाणी ऐकवली तेव्हा त्या हसल्या. "काका, इथे दाढ नाही, धास्ती काढतात."

त्यांचा नवरा आणि दीर यांचा अबोला होता. गणपती कुणाकडे बसवायचा यावरून निघालेले टोमणे या बाईंच्याच तोंडून इकडून तिकडे जात. फोन वाजला की छातीत धडधड. डॉक्टरांनी शिकवलं होतं, मनाला विचारायचं, घर मोडेल याला पुरावा काय? "एवढी भांडणं झाली, घर काही मोडलं नाही," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात दिरांचा फोन आला. त्यांनी तो घेतला. "भाऊजी, हे तुम्ही भावाशीच बोला. मी निरोप नेणार नाही. मोदक मात्र दोन्ही घरांसाठी करीन. चालो, ठेवते."

मोबाइल पर्समध्ये टाकून त्या ताठ बसल्या. "अजून धडधडतंय हं. पण बोलले ना?"

पोटच्या लेकीने बक्षीस आणावं तसा मी फुललो. घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं.

"शाबास तिची," ती म्हणाली. "आता तुमच्या बहिणीशीही तुमचं तुम्हीच बोला."