काकांची पडताळणी

काका गुरुवारी गेले. त्यांचं पोस्टकार्ड शनिवारी आलं.

शिक्षणाची सरकारी योजना कागदावरून उतरून माणसापर्यंत पोचली की नाही, याचा माझ्या मावशीच्या या यजमानांइतका ध्यास आमच्या अख्ख्या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणी घेतला नसेल. म्हसळ्याला ते केंद्रप्रमुख होते, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवायचे. निवृत्तीनंतरही पडताळणीसाठी त्यांना बोलावणं यायचं, आणि बोलावणारे दर वेळी पस्तावायचे. शाळेच्या नव्या स्वच्छतागृहाच्या अहवालाला बाकीचे लोक फोटो जोडत. काका स्वतः आत जाऊन येत आणि लिहीत, ‘कडी आतून लागत नाही. मुलींनी कसं जावं?’ खिचडीची तपासणी ते पंगतीत मांडी घालून, दोनदा वाढून घेऊन करत. एका शाळेच्या संगणक कक्षाबद्दल त्यांनी एवढंच लिहिलं होतं : ‘संगणक आहेत. चावी हेडमास्तरांच्या घरी आहे. हेडमास्तर लग्नाला गेले आहेत.’

आमच्या वाडीतल्या विहारात प्रौढांचा साक्षरता वर्ग भरू लागला, तेव्हा त्याची पडताळणीही त्यांच्याकडेच आली. माझी आई त्या वर्गात होती. प्रमाणपत्र लावायला तिने भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. घरचाच माणूस तपासायला येतोय म्हटल्यावर बायका निर्धास्त होत्या. काकांनी सगळ्यांना जयभीम घातला, पुस्तक उघडून आईपुढे धरलं आणि आईने न अडखळता, सुरात पान म्हणून दाखवलं. काका कौतुकाने ऐकत राहिले. मग म्हणाले, “ताई, फार छान. पण हे मागच्या पानावरचं होतं.”

त्यांनी तिच्या नावापुढे ‘वाचता येत नाही’ असं लिहिलं. आई तीन आठवडे त्यांच्याशी बोलली नाही. मावशीही आईच्या बाजूने होती, त्यामुळे त्या दिवसांत काकांचे घरीही हाल झाले असावेत.

मग पोस्टकार्डं येऊ लागली. खिशात मोबाइल असताना काका पोस्टकार्ड लिहीत, ठळक अक्षरांत, आईच्या नावाने. कधी येणार आणि काय जेवणार, एवढाच मजकूर. मी ते वाचून दाखवायचं नाही, अशी मला सक्त ताकीद होती. पहिल्या वेळी ते आले तेव्हा आम्ही बोर्ली पंचतनला बाजाराला गेलो होतो. ओटीवर बसून त्यांनी पिशवीतली बिस्किटं खाल्ली आणि निरोप न ठेवता गेले. दुसऱ्या वेळी आई घरी थांबली, पण रांधली अंड्यांची आमटी. त्यांनी ती चवीने खाल्ली आणि हात धुताना म्हणाले, “रविवार जमला. जेवण राहिलं.” त्यानंतर आई दुपारी दार लावून पुस्तक घेऊन बसू लागली. आतून तिचा आवाज यायचा, थांबत थांबत.

पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी तिने त्यांच्या ताटात तिसऱ्यांचं कालवण वाढलं. काकांनी आधी ताटाकडे पाहिलं, मग आईकडे. चष्मा काढून पुसला. शिंपल्यांचा ढीग झाल्यावर त्यांनी डायरी काढून काहीतरी लिहिलं.

“आता कागद देनार का, भावजी?” आईने विचारलं.

“वर्ग बंद झाला, ताई. आता कागद मिळत नाही.”

“मंग तिसऱ्या फुकटच गेल्या म्हना.”

काका ठसका लागेपर्यंत हसले. खिळ्याला पुढे आईने कॅलेंडर लावलं. काकांची पोस्टकार्डं मात्र येतच राहिली, आता नुसती जेवणाची.

शनिवारचं कार्ड पोस्टमनने माझ्या हातात दिलं. अक्षर ओळखलं, आणि सवयीने न वाचता आईकडे दिलं. ती उंबऱ्यावर बसून पहिल्या दिवसांसारखी एकेक शब्द लावत वाचू लागली, “ताई, अमावास्येनंतरच्या रविवारी येतो. ओहोटी चांगली असेल. तिसऱ्या करा.” मग तिने ते परत पहिल्यापासून वाचलं.

अमावास्या झाली. रविवारी आई ओहोटीला खाडीवर गेली आणि टोपलीभर तिसऱ्या घेऊन आली. आम्ही दोघं जेवलो.

पोस्टकार्डं पत्र्याच्या डब्यात आहेत. आईला वाचता येतं.